शहरातील आरोग्याची विषमता आणि नकाशे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉर्ड कार्यालयात आरोग्याचे प्रश्न घेऊन जाणारे कार्यकर्ते, सामाजिक वैद्यकशास्त्राचे आणि भूगोलाचे विद्यार्थी, नगरसेवक, पत्रकार यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः मुंबई आणि पुण्याची आहेत, कारण या दोन शहरांत या विषयाच्या जवळजवळ सगळ्या अडचणी एकाच वेळी दिसतात. काही उत्तरे लांब आहेत, काही दोन ओळींची.

आरोग्यातील विषमता नकाशावर मांडायची म्हणजे नेमके काय करायचे?

आजार, मृत्यू, लसीकरण, कुपोषण यांच्या नोंदी माणूस राहतो त्या जागेशी जोडायच्या. मग त्याच जागेची इतर माहिती त्यावर ठेवायची: पाणी किती तास येते, एका संडासावर किती कुटुंबे आहेत, घरात उजेड येतो का, दवाखाना कुठे आहे, नाला कुठून वाहतो. हे दोन्ही एका नकाशावर आले की शहराच्या कोणत्या भागात माणसे टाळता येण्याजोग्या कारणांनी आजारी पडत आहेत, हे दिसू लागते. टाळता येण्याजोगे हा शब्द महत्त्वाचा आहे. म्हातारपणी गुडघे दुखणे सगळ्याच वस्त्यांत असते, पण एका वॉर्डातल्या मुलांना जुलाब होतात आणि शेजारच्या वॉर्डातल्या मुलांना होत नाहीत, हे कोणाच्या तरी निर्णयांमुळे घडलेले असते.

शहराची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध होते. ती पुरेशी का नाही?

कारण ती सरासरी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) मुंबईसाठी दोन जिल्ह्यांचे आकडे मिळतात, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. २०११ च्या जनगणनेत उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांहून जास्त होती. पवईचा टॉवर, वांद्र्याचा पाली हिल आणि गोवंडीचे शिवाजीनगर या सगळ्यांचा मिळून एक आकडा येतो, आणि तो यांपैकी कोणाचाच नसतो. याच सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत (२००५-०६) मुंबई आणि नागपूरसह आठ शहरांमध्ये झोपडपट्टी आणि बिगर-झोपडपट्टी असे वेगळे आकडे काढले होते. ती चांगली सुरुवात होती, ती तशीच पुढे चालू राहायला हवी होती.

महापालिकेने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने काढलेल्या २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात वॉर्डनिहाय निर्देशांक आला, तेव्हा सर्वांत तळाला एम-पूर्व विभाग दिसला: गोवंडी, मानखुर्द, देवनार. तिथल्या लोकांना ते आधीच माहीत होते. पण अधिकृत कागदावर आल्यानंतर त्यावर बोलणे टाळता येईना.

ही पद्धत नवीन आहे का?

नाही. लंडनमध्ये १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीचे कॉलराचे मृत्यू डॉ. जॉन स्नो यांनी नकाशावर मांडले, हे उदाहरण प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. मात्र ते बहुधा अर्धवट सांगितले जाते. पंपाचा दांडा ८ सप्टेंबर १८५४ रोजी काढला गेला आणि नकाशा त्यानंतर तयार झाला. स्नो यांचा निष्कर्ष दारोदार जाऊन केलेल्या चौकशीतून निघाला होता. पंपाजवळच असलेल्या श्रमगृहात (निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवण्याच्या जागेत) मृत्यू थोडे होते, कारण तिथे स्वतःची विहीर होती. जवळच्या दारूभट्टीतले कामगार वाचले, कारण ते पंपाचे पाणी पीत नव्हते. ठिपके कुठे दाट आहेत हे जितके बोलके होते, तितकेच ते कुठे नाहीत आणि का नाहीत हेही होते. नकाशावर काम करणाऱ्या प्रत्येकाने स्नो यांची ही सवय उचलावी, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग आल्याचे निदान डॉ. अकासियो व्हिएगश यांनी केले. ते मूळचे गोव्यातल्या हडफडे गावचे. प्लेग आधी गोदी आणि धान्याच्या वखारींजवळच्या दाट वस्तीत का वाढला, हा प्रश्न तेव्हाही जागेचाच होता.

झपाट्याने वाढणाऱ्या शहरांत वेगळी अडचण कोणती?

घरे आधी येतात. पाणी, गटार, दवाखाना आणि नोंदवही मागून येतात. या मधल्या काळात माणसे राहत असतात, मुले जन्मत असतात.

पुण्याचे ताजे उदाहरण घ्या. ३० जून २०२१ रोजी तेवीस गावे पुणे महापालिकेत आली आणि शहराचे क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेले. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुईलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते, असा हा आजार. एरवी तो इतका विरळ असतो की दोन-चार रुग्ण एकत्र आले तरी डॉक्टर सावध होतात. इथे संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. त्यांचे पत्ते नकाशावर मांडल्यावर नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला, धायरी हा पट्टा ठळक दिसला. यातला बराचसा भाग नव्याने महापालिकेत आलेला होता. नांदेड गावातल्या मोठ्या विहिरीचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता केवळ क्लोरीन मिसळून घरांपर्यंत जात होते. अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्या-अन्नातून पसरणारा जिवाणू सापडला; त्याच्या संसर्गानंतर हा आजार होऊ शकतो.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. महापालिकेची हद्द दाखवणारा नकाशा आणि शुद्ध केलेल्या पाण्याची हद्द दाखवणारा नकाशा, हे दोन्ही रुग्ण सापडण्याच्या आधी एकमेकांवर ठेवता आले असते. हद्दीच्या आत पण शुद्ध पाण्याच्या बाहेर कोण आहे, हे आजार येण्यापूर्वी विचारता येते. वाढत्या शहरात नकाशाचा खरा उपयोग हाच आहे. साथ येऊन गेल्यानंतर काढलेला नकाशा झाले ते समजावून सांगतो, पण कोणाची तब्येत वाचवत नाही.

लोकसंख्येचे आकडेच जुने असतील तर आजाराचा दर काढायचा कसा?

हा या कामातला सर्वांत मोठा अडसर आहे. रुग्ण भागिले लोकसंख्या, एवढाच दराचा हिशेब. रुग्ण आजचे आणि लोकसंख्या २०११ ची घेतली, तर ज्या भागात माणसे वाढली तिथला दर खोटा फुगतो आणि जिथून माणसे गेली तिथला खोटा घटतो. गिरगाव-काळबादेवीसारख्या जुन्या भागांतून कुटुंबे उपनगरांत गेली, वाकड-वाघोलीत शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. जुन्या भाजकाने काढलेला नकाशा अशा वेळी आजाराऐवजी स्थलांतर दाखवतो.

पर्याय आहेत, पण प्रत्येकाला मर्यादा आहे. वर्ल्डपॉपसारख्या प्रकल्पांत शंभर मीटरच्या चौकोनांत विभागलेली अंदाजित लोकसंख्या मोफत मिळते. मतदारयाद्या, मिळकत कराच्या नोंदी, आशा सेविकांची घरभेटीची रजिस्टरे, पल्स पोलिओच्या वेळी केलेली घरांची मोजणी, हेही उपयोगी पडते. यातले आशा सेविकेचे रजिस्टर मला सर्वांत भरवशाचे वाटते, कारण ते त्या गल्लीत रोज चालणाऱ्या बाईने भरलेले असते. भाडेकरू मात्र त्यातूनही सुटतात. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार, पोटमाळ्यावर राहणारे कुटुंब, बांधकामाच्या जागेवर पत्र्याच्या खोल्यांत असलेले बिगारी, हे जवळजवळ प्रत्येक यादीच्या बाहेर राहतात. म्हणून एकच आकडा न देता कमीत कमी आणि जास्तीत जास्त असा पट्टा द्यावा.

ज्या वस्त्या सरकारी नकाशावरच नाहीत, त्यांचे काय?

त्यांच्यापासून सुरुवात करायची.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर कौला बंदर नावाची वस्ती आहे. तिथे हजारो लोक राहतात. जमीन केंद्राच्या अखत्यारीतली, त्यामुळे वस्ती महापालिकेच्या दृष्टीने घोषित झोपडपट्टी ठरली नाही, आणि घोषित नाही म्हणून नळजोडण्या, गटारे, संडास यांवरचा हक्कही मिळाला नाही. पुकार या संस्थेच्या संशोधकांनी, त्यात त्याच वस्तीतली तरुण मुले-मुली होती, तिथे वर्षानुवर्षे मोजणी केली. बाहेरून मोटर लावून, लांबच लांब नळ्यांनी आणलेले पाणी लोक विकत घेत होते, तेही महापालिकेच्या दराच्या कित्येक पट पैसे मोजून. नळी गळते, तिच्यात घाण शिरते, उन्हाळ्यात पुरवठाच आटतो. बाळाला जुलाब का होतात, याचे उत्तर इथे जमिनीच्या मालकीच्या कागदात आहे.

घोषित आणि अघोषित हा फरक नकाशावर दाखवलाच पाहिजे. जनगणनेच्या व्याख्येत किमान ३०० लोकसंख्येची किंवा साठ-सत्तर घरांची दाट वस्ती झोपडपट्टी म्हणून मोजली जाते. त्याहून लहान वस्त्या, म्हणजे उड्डाणपुलाखालची वीस घरे किंवा रेल्वेच्या भिंतीला टेकलेली पंधरा घरे, हिशेबातच येत नाहीत. फुटपाथवर राहणाऱ्यांची पहिली मोठी गणती स्पार्क या संस्थेने १९८५ साली मुंबईत केली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथवासीयांच्या खटल्याचा निकाल दिला. तोवर ही माणसे किती, कुठून आली, काय काम करतात, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

पाण्याच्या बाबतीत कट-ऑफ तारखेचा प्रश्नही येतो. १ जानेवारी २००० नंतरच्या झोपड्यांना नळ द्यायचा नाही, ही जुनी भूमिका. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले की घर अधिकृत नसले तरी पाणी नाकारता येणार नाही. न्यायालयात आणि नंतर वॉर्ड कार्यालयात असे मुद्दे मांडताना कोणत्या गल्ल्यांत पाइप नाही हे दाखवणारा साधा नकाशा फार कामाला येतो.

वॉर्डच्या पातळीवरचा नकाशा पुरेसा बारीक असतो का?

बहुतेक वेळा नाही. एम-पूर्व विभाग सर्वांत मागे, असे आपण म्हणतो. पण देवनारची कचराभूमी, लगतची रफीकनगरची घरे आणि अणुशक्तीनगरची हिरवीगार शासकीय वसाहत ही तिन्ही याच विभागात आहेत. विभागाचा एक आकडा काढला की रफीकनगरची अवस्था थोडी बरी दिसते आणि अणुशक्तीनगरची थोडी वाईट. जुना एम वॉर्ड अखंड धरला तर चेंबूरच्या चांगल्या वसाहती मिसळून चित्र आणखी सौम्य होते. म्हणजे सीमा कुठे ओढली यावर विषमता दिसते की लपते, हे ठरते. म्हणून जमेल तितके बारीक एकक घ्यावे आणि तोच नकाशा निदान दोन वेगळ्या विभागण्यांनी काढून पाहावा. निष्कर्ष दोन्हींत टिकला तरच तो मांडावा.

सीमा बदलतातही. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०१७ साली पुणे महापालिकेत आली आणि पुढे बाहेर काढून त्यांची वेगळी नगर परिषद झाली. दहा वर्षांची तुलना करायची असेल तर नोंदी गावाच्या नावाने न ठेवता अक्षांश-रेखांशाने ठेवा.

झोपडपट्टी म्हणजे अनारोग्य आणि पक्की इमारत म्हणजे आरोग्य, असे समीकरण धरून चालते का?

चालत नाही, आणि या एका गृहीतकाने मुंबईत फार नुकसान केले आहे.

रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांसाठी हटवलेल्या हजारो कुटुंबांना मानखुर्द-गोवंडी परिसरातल्या पुनर्वसन वसाहतींमध्ये सव्वादोनशे चौरस फुटांची घरे मिळाली. कागदावर ही माणसे झोपडपट्टीतून बाहेर आली. पण लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड इथे इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की मधल्या फटीत ऊन उतरत नाही. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या संशोधकांनी एम-पूर्व विभागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास केला. घरात किती उजेड येतो, हवा किती खेळते, खिडकीतून आकाशाचा किती भाग दिसतो, हे संगणकीय प्रारूपाने काढले आणि घरातल्या क्षयरोगाच्या नोंदींशी ताडून पाहिले. अंधाऱ्या, कोंदट इमारतींत आणि विशेषतः खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचा भार जास्त आढळला. तुलनेने मोकळ्या रचनेच्या तिसऱ्या वसाहतीत तो कमी होता.

क्षयरोगाचे जंतू हवेतून पसरतात. वारा नसलेल्या बंद खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहतात, आणि सूर्यप्रकाश त्यांना मारतो. इमारतींमधले अंतर कमी करायला परवानगी देणारा नियम हा म्हणून थेट आरोग्याचा नियम आहे, तो कोणत्याही खात्याच्या फायलीत असला तरी. या अभ्यासाकडून आणखी एक शिकावे: सपाट नकाशावर खालचा मजला आणि सातवा मजला एकाच ठिपक्यावर येतात. उंच इमारतींच्या शहरात मजल्याचा क्रमांक पत्त्याबरोबर नोंदवला नाही, तर आजाराचे अर्धे कारण हरवते.

नकाशावर एखादा भाग लाल दिसला म्हणजे तिथे आजार जास्त आहे, असे म्हणता येते का?

लगेच नाही. चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली, तपासणी कुठे जास्त झाली. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी आर-उत्तर, एम-पश्चिम आणि एफ-उत्तर या तीन विभागांत रक्तातल्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) पाहणी केली. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के आणि इतरत्र १६ टक्के लोकांना करोनाचा संसर्ग होऊन गेलेला निघाला. नोंदलेल्या रुग्णसंख्येवरून एवढी दरी कोणाच्या लक्षात आली नव्हती. सामायिक संडास आणि दाटी ही त्यामागची संभाव्य कारणे तेव्हाच सांगितली गेली. नोंदलेले रुग्ण आणि प्रत्यक्ष आजार यांत असे अंतर असते. जिथे चाचणीच पोचत नाही तो भाग नकाशावर निरोगी दिसतो.

दुसरी, पत्ता कोणाचा. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात शहरभरातून आणि बाहेरूनही रुग्ण येतात. नोंदीत घराऐवजी रुग्णालयाचा पत्ता पडला तर शिवडी लाल होते.

तिसरी, वयोमान. दादर-माहीममध्ये वृद्ध जास्त आणि गोवंडीत मुले-तरुण जास्त. नुसता मृत्युदर पाहिला तर गोवंडी निरोगी भासू शकते. वयोगटांनुसार दर काढून ते एका समान वयोरचनेवर आणल्याशिवाय दोन वस्त्यांची तुलना करू नये.

चौथी, संख्या किती लहान आहे. समजा एका गल्लीत ४०० माणसे आहेत. एकही रुग्ण नसेल तर दर शून्य, आणि एक निघाला तर लाखामागे २५०. एका माणसाच्या फरकाने गल्ली पांढऱ्याची गडद लाल होते. यासाठी शेजारच्या भागांची माहिती थोडी मिसळून दर स्थिर करण्याच्या सांख्यिकी पद्धती आहेत, किंवा तीन-चार वर्षांच्या नोंदी एकत्र कराव्यात.

याशिवाय वस्तीचा दर हा वस्तीतल्या प्रत्येकाचा धोका नसतो. ज्या भागात निरक्षरता जास्त तिथे कुपोषण जास्त, असे नकाशा दाखवतो. त्यावरून निरक्षर आईचेच मूल कुपोषित आहे, असे सिद्ध होत नाही. ते घरोघरी विचारावे लागते.

दवाखाना किती जवळ आहे हे कसे मोजायचे?

नकाशावर सरळ रेष ओढून मोजू नका. मध्ये रेल्वेमार्ग, खाडी किंवा घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यासारखा वाहता रस्ता असेल, तर रेषेतले सातशे मीटर प्रत्यक्षात दीड-दोन किलोमीटर होतात. गरोदर बाईला ते पावसाळ्यात चालायचे असतात. चालण्याचा आणि बस-रिक्षाचा वेळ धरा. मग त्या दवाखान्यावर किती लोक अवलंबून आहेत ते पाहा. शेवटी वेळा पाहा: सकाळची ओपीडी नाक्यावर कामाला उभ्या राहणाऱ्या माणसासाठी नसल्यासारखीच. दिवसाचा रोज बुडवून खोकला दाखवायला कोणी येत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत संध्याकाळीही उघडे राहणारे, 'आपला दवाखाना' या नावाचे दवाखाने सुरू झाले, ते याच कारणाने महत्त्वाचे. अंतराचा नकाशा सकाळचा आणि संध्याकाळचा असा दोनदा काढून पाहा, फरक डोळ्यांत भरतो.

उपग्रहाच्या चित्रांवरून हे सगळे समजू शकेल का?

काही समजते. लँडसॅटची तीस मीटर तपशिलाची चित्रे १९८० च्या दशकापासूनची आणि सेंटिनेल-२ ची दहा मीटरची २०१५ पासूनची मोफत मिळतात. शहर कोणत्या दिशेने, किती वेगाने पसरले हे त्यांतून छान दिसते. दाट वस्ती ओळखताही येते, पण छपराला छप्पर लागून असल्याने घरे मोजता येत नाहीत.

उष्णतेच्या नकाशांबद्दल सावध राहा. उपग्रह पृष्ठभागाचे तापमान देतो, तेही लँडसॅटच्या बाबतीत सकाळी साडेदहाच्या सुमाराचे. पत्र्याच्या घरात रात्री दोन वाजता बाळ का रडते, हे त्यात दिसत नाही. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे अभ्यासातून पुढे आले आणि २०१३ साली तिथे देशातला पहिला शहरी उष्णता कृती आराखडा तयार झाला. आपल्या शहरांत असे काम करायचे तर घराच्या आत साधे तापमापक ठेवून नोंदी घ्याव्या लागतील.

पत्तेच नसलेल्या वस्तीत ठिकाण कसे नोंदवायचे?

मशिदीच्या मागे, पिठाच्या गिरणीसमोर, तिसरी गल्ली, असाच पत्ता असतो. पिन कोडचा उपयोग नाही, एका पिनमध्ये शिवाजीनगर आणि बैंगनवाडी दोन्ही येतात. फोनच्या जीपीएसने अक्षांश-रेखांश घ्या, त्यावरून प्लस कोड (जागेचा अक्षरे-अंकांचा छोटा पत्ता) आपोआप निघतो. अरुंद गल्लीत जीपीएस दहा-वीस मीटर चुकते, म्हणून सोबत खूण लिहा.

रुग्णाची ओळख उघड होण्याची भीती नाही का?

आहे, आणि ती हलकी धरू नये. क्षयरोग किंवा एचआयव्हीचा ठिपका घरावर पडला तर मुलीचे लग्न मोडते, भाडेकरूला खोली सोडावी लागते. करोनाच्या काळात घरांवर पोस्टर लावल्याने लोकांना अस्पृश्यासारखे वागवले जाते, हे सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२० मध्ये गंभीरपणे घेतले. जाहीर नकाशात घराचा ठिपका कधीच देऊ नका. गल्ली किंवा चौकोन वापरा, आणि पाचपेक्षा कमी रुग्ण असतील तिथे आकडा दाखवू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शहरी समूहांचे, म्हणजे पाहणीसाठी निवडलेल्या घरांच्या गटांचे, स्थान याच कारणाने दोन किलोमीटरपर्यंत मुद्दाम सरकवलेले असते. त्यामुळे ती माहिती घेऊन मुंबईच्या वस्त्यांची तुलना करायला जाऊ नका. दोन किलोमीटरमध्ये इथे जगच बदलते.

दुसरा धोका वस्तीवरच उलटण्याचा. प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्याने रोगट ठरवलेल्या भागांतून रुंद रस्ते काढले, पण पाडलेल्या घरांच्या मानाने गरिबांना परवडणारी घरे कमीच बांधली. माणसे शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागली. अनारोग्याचा नकाशा हे हटवण्याचे कारण बनू शकते. म्हणून तो काढण्यापूर्वी वस्तीतल्या लोकांशी बोलून ठरवा: तो कोणाला द्यायचा, त्यात काय दाखवायचे, काय नाही.

वस्तीतल्या लोकांना सोबत घेतल्याने अचूकता कमी होत नाही का?

उलट वाढते. कोणता नळ चार महिने कोरडा आहे, कोणत्या संडासाची कडी तुटल्याने मुली रात्री जात नाहीत, हे बाहेरून आलेल्या सर्वेक्षकाला कळत नाही. पुण्याच्या शेल्टर असोसिएट्सने १९९० च्या दशकापासून लोकांसोबत घरोघरी नोंदी घेऊन पुणे, सांगली-मिरज, कोल्हापूर इथल्या वस्त्यांचे नकाशे केले. कोणत्या घरापर्यंत मलवाहिनी नेता येईल हे त्यातून ठरले आणि घरोघरी संडास बांधले गेले. नैरोबीच्या किबेरात २००९ पासून तिथल्याच तरुणांनी असाच नकाशा घडवला, तोवर ती वस्ती अनेक नकाशांवर रिकामी दिसत होती.

सॉफ्टवेअर आणि खर्च किती?

क्यूजीआयएस (नकाशे काढण्यासाठी), कोबो टूलबॉक्स (फोनवर सर्वेक्षणाच्या नोंदी घेण्यासाठी), ओपनस्ट्रीटमॅप (सर्वांनी मिळून केलेला खुला नकाशा) ही साधने मोफत आहेत. खर्च होतो तो माणसांच्या वेळेवर, आणि सर्वेक्षण करणाऱ्या मुलींना त्याचे पैसे द्यायलाच हवेत.

माहिती कुठून मिळवायची?

महापालिकेचे आरोग्य खाते, जन्म-मृत्यू नोंदणी, अंगणवाडीची वजनाची रजिस्टरे. क्षयरोगाच्या नोंदी सरकारच्या निक्षय या ऑनलाइन प्रणालीत जातात. २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही रुग्ण कळवणे बंधनकारक आहे. मुंबईसाठी प्रजा फाउंडेशन माहितीच्या अधिकारातून आकडे मिळवून आरोग्यावरचे अहवाल काढते. अर्ज करताना नावे मागू नका. विभागनिहाय, महिनानिहाय, वयोगटनिहाय संख्या मागा, म्हणजे खासगीपणाचे कारण देऊन अर्ज फेटाळला जात नाही.

नकाशा तयार झाला. पुढे काय?

तो छापून आधी वस्तीत लावा आणि चुका दुरुस्त करा. मग एका खात्याकडे एक मागणी घेऊन जा. आरोग्य सुधारा अशी मागणी कोणीही फाइलमध्ये ठेवून देतो. या सहा गल्ल्यांत जलवाहिनी नाही, मुख्य वाहिनी अमुक रस्त्यावर एवढ्या मीटरवर आहे, आणि याच गल्ल्यांत जुलाबाचे रुग्ण तिप्पट आहेत, असे मांडले की जलअभियंत्याला उत्तर द्यावे लागते. वर्षभराने तोच नकाशा पुन्हा काढा.

सध्या एक काम तातडीचे आहे. पुढची जनगणना २०२७ ची आहे आणि लोकसंख्येच्या मोजणीआधी घरांची यादी होते. त्या यादीतून सुटलेली वस्ती पुढची कित्येक वर्षे आरोग्याच्या प्रत्येक दराच्या हिशेबातून सुटेल. तुमच्या भागातली नवी घरे, अघोषित वस्त्या आणि बांधकामावरच्या खोल्या यांचा नकाशा घेऊन विभाग कार्यालयात जा, त्या कोणत्या गणना गटात (एका प्रगणकाकडे दिलेल्या घरांच्या गटात) धरल्या आहेत असे लेखी विचारा आणि पोच घ्या.